बसून केलेलं भांडण

थोरलीच्या जिभेला हाड म्हणून नव्हतं. इस्त्रीच्या दुकानात गिऱ्हाईक असो नसो, धाकट्या जावेचा उद्धार चालूच. "झोपेचं गाठोडं पदरात पडलंय आमच्या," ती म्हणायची.

धाकटी पेंगायची, हे खरं. चादरीची घडी घालता घालता डोळा लागायचा, घास हातातच राहायचा. आणि खळखळून हसली किंवा संतापली, की गुडघ्यांतलं बळच जायचं. मटकन खाली! म्हणून बिचारीला धड भांडताही येत नसे.

डॉक्टरीणबाईंनी धाकटीच्या नवऱ्याला समोर बसवून सांगितलं होतं, "मेंदूत ऑरेक्सिन नावाचं एक रसायन असतं. ते जागेपणाला दाराच्या कडीसारखं धरून ठेवतं. यांच्या मेंदूत ते जवळजवळ संपलंय, म्हणून ही पेंग आणि हे कोसळणं. या गोळ्यांनी बरंच सावरेल."

"अगं बाई! आळसाला आता इंग्रजी नाव मिळालं," थोरली म्हणाली. नवरा कपडे मोजायला लागला. वहिनीपुढे त्याची नेहमीच दातखिळी बसायची.

गोळ्या सुरू झाल्या, पण गुण येईना. थोरलीला मूल नव्हतं आणि धाकटीच्या चिमीवर तिचा डोळा होता. "भाऊजी, ही एखाद्या दिवशी पोरीला घेऊन तापल्या इस्त्रीवर पडेल. हिला माहेरी पोचवा, पोर मी सांभाळते." रोज तेच. परवापासून नवराही मान डोलवायला लागला होता, मेला.

त्या दुपारी चिमी गिऱ्हाइकाची पँट डोक्यावर घालून नाचली. धाकटीला हसू आवरेना. हसली आणि कपड्यांच्या ढिगावर कोसळली. पापणी हलेना, बोट हलेना. कान मात्र टक्क जागे. हे थोरलीला कुठलं ठाऊक! तिच्या लेखी पडली म्हणजे झोपली.

तिने खुशाल बहिणीला फोन लावला. "पसरलीय बया. अगं, उठेल कशी? बाटलीत मी साध्या ताकदीच्या गोळ्या भरल्यात. खऱ्या गोळ्या निळीच्या डब्यात, तळाशी. ही एकदा गेली ना, की महिन्याभरात चिमी मलाच आई म्हणेल."

धाकटीच्या अंगाची आग आग झाली. पण ओरडायला तोंड उघडेना. थोड्या वेळाने हातापायांत जीव आला, तरी ती तशीच पडून राहिली. नवरा दुकानात आला तेव्हा कुठे उठली, आणि आधी भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसली.

"हे काय नवीन नाटक?" थोरली फिस्कारली.

"जाऊबाई, आज मला तुमच्याशी भांडायचंय, म्हणून आधीच बसले," धाकटी म्हणाली, आणि फोनवरचं बोलणं शब्द न् शब्द ऐकवलं. ताकदीच्या गोळ्या. निळीचा डबा. महिन्याभरात आई. "माझी लेक हवी काय तुम्हाला? चोरटी बाई! माझी जाग चोरलीत तुम्ही!" बोलता बोलता जीभ जड झाली, मान छातीवर पडली.

"खोटारडी! झोपेत बरळतेय," थोरली किंचाळली.

नवऱ्याने निळीच्या डब्यात हात घातला. कोपरापर्यंत निळा झालेला हात बाहेर आला, तेव्हा मुठीत गोळ्यांची पुडी होती.

"भाऊजी, अहो, मी हिच्याच भल्यासाठी..."

चिमीने आईचा पदर ओढला. "बाबा, आई झोपली."

"झोपली नाही ती," नवरा थोरलीकडे बघत म्हणाला. "ऐकतेय. बोला वहिनी, पुढे बोला."