घरात आवाज हवा

टेबलाचा खण कुरकुरू नये म्हणून त्याने खालून हाताचा आधार देत तो उघडला. आतल्या पत्राला अजून उत्तर गेलेलं नव्हतं. कोरा कागद आज पुन्हा पुढ्यात होता, आणि फाटकाशी टेम्पो येऊन उभा राहिला होता.

पत्र तळमजल्यावरच्या शिंपीणबाईंचं. परक्या मुलखातून आलेलं जोडपं. नवरा त्याच्याकडून वाचायला पुस्तकं नेई. नवरा गेला त्याच आठवड्यात बाईंनी हे पत्र याच्या दाराखालून सरकवलं होतं. शिकून घेतलेल्या भाषेत, अडखळत लिहिलेलं: आमच्याकडे माणूस गेला की शेजारी त्या घरात येऊन आवाज करतात. मोठ्याने बोलतात, हसतात, भांडतातसुद्धा. घर गप्प राहिलं, तर गेलेला माणूस कुणालाच नको होता असा अर्थ होतो. इथे सगळे गप्प आहेत. माझ्या नवऱ्याचं काही चुकलं होतं का?

इमारतीने तर जीव तोडून दुखवटा पाळला होता. मुलांना अंगणात खेळायला बंदी, टीव्ही बंद, जिन्यात चपला हातात. चिटणीस स्वतः मजल्यामजल्यावर फिरून दटावत. बाईंना त्रास नको म्हणून त्यांच्या दारावर कुणी टकटकसुद्धा केली नाही.

तो जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासत आलेला. पत्र वाचता वाचता सवयीने त्यातल्या दोन चुका पेन्सिलीने दुरुस्त केल्या, आणि मग लाज वाटून पुसून टाकल्या. उत्तरं लिहिली ती सगळी फाडली. स्वतःचं प्रत्येक वाक्य त्याला पुस्तकी वाटे.

"अहो, जागा सोडतेय ती," बायको आत येऊन कुजबुजली. "कारण विचारलं तर सांगत नाही म्हणे. एवढं जपलं आपण सगळ्यांनी."

त्याने पत्र तिच्यापुढे धरलं. तिने ते उभ्याने वाचलं, आणि मग खुर्ची ओढून पुन्हा एकदा वाचलं.

"हे आलं कधी?"

"तो गेला तेव्हाच."

"आणि तुम्ही खणात घालून बसलात? त्या बाईला वाटतंय आपण वाळीत टाकलंय, आणि तुम्ही..."

तिचा आवाज चढला. तो चढला की याचा तळहात खाली खाली होत असे: हळू, लोक ऐकतील. हात आताही उचलला गेला होता. तो मध्येच थांबला.

"मोठ्याने बोल," तो म्हणाला.

"काय?"

"थांबू नकोस. जिन्यात चल."

त्याने कागद ओढला, खाडाखोड न करता तीन ओळी लिहिल्या, घडी घातली आणि खण धाडकन लावला.

जिन्यात तिला सांगावं लागलं नाही. राग खराच होता. दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात यांचा जन्म गेला, स्वतःची एक दिसत नाही, इथून ती सुरू झाली. पहिल्या मजल्यावर येईपर्यंत गाडी त्यांच्या लग्नापर्यंत मागे गेली.

"तेव्हाही होकार कळवायला तीन महिने लावलेत. माझ्या वडिलांनी दुसरं स्थळ बघायला घेतलं होतं."

"मग करायचं होतंस त्याच्याशी," तो म्हणाला. आवाज घोगरा निघाला, पण जिनाभर घुमला.

"केलंच असतं. तुमचं पत्र एक दिवस उशिरा यायला हवं होतं."

दारं किलकिली झाली. खाली टेम्पोवाल्याची माणसं कपाट उचलून पाय न वाजवता चालली होती. चिटणीस ओठांवर बोट ठेवून धावत आले. या माणसापुढे त्याने आजवर मान वर केली नव्हती.

"लाज वाटत नाही? मयताचं घर आहे ते."

"म्हणूनच," तो म्हणाला. "तुम्हीही काहीतरी बोला, चिटणीस. ओरडा आमच्यावर."

शिंपीणबाईंचं दार लोटलेलं होतं. आत कुणीतरी खोक्यावर चिकटपट्टी ओढत होतं. तो कर्रकर्र आवाज जिन्यापर्यंत येत होता. बायकोच्या तोंडाचा पट्टा चालूच होता, तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ती आता त्याच्या चष्म्यावर घसरली होती.

त्याने घडी उलगडून एकदा पाहिली. 'आमचं चुकलं. आमच्यात असं घडलं की गप्प बसतात. आम्ही दोघं भांडत खाली येतो आहोत.'

दारातल्या पत्रं टाकायच्या फटीत त्याने कागद सारला. तो पलीकडे पडला, आणि आतली चिकटपट्टी मध्येच थांबली.