निळा डबा

लेकीला, ऋग्वेदाला, शाळेतून काढायचं ठरलं तेव्हा अस्मिताने शिक्षण खात्याला नऊ पानी अर्ज लिहिला. घरी काय शिकवणार, कधी, कुठल्या पुस्तकातून, पोहायला कुठे नेणार, सगळं त्यात होतं, कारण तिकडे परदेशात मूल घरी शिकवायचं तर शाळेच्या तोडीचं शिकवू असं लिहून द्यावं लागतं. अस्मिता फार्मासिस्ट, हॅमिल्टनमधल्या ‘ते रापा’ या भागातल्या औषधाच्या दुकानात. बाटलीवरची तारीख तीनदा वाचल्याशिवाय ती खोकल्याचं औषधसुद्धा कुणाच्या हातात ठेवत नसे. अशी बाई पुढे काय करून बसली ते ऐका.

समुद्राकाठचं पोरिरुआ सोडून हॅमिल्टनला आल्यापासून पोर शाळेत गप्प होती. मग घरीही गप्प झाली. नऊ वर्षांची मुलगी, पाणी खुणेने मागायची. डॉक्टर म्हणाले, घाई करू नका. म्हणून घरची शाळा. सकाळी अस्मिता शिकवायची, दुपारी तिचा नवरा मकरंद. तो दुधाच्या भुकटीच्या कारखान्यात रात्रपाळी करायचा आणि भागाकार शिकवता शिकवता पेंगायचा. बुधवारी तलावावर घरी शिकणाऱ्या बाकीच्या पोरांबरोबर पोहणं. राहिलं इंग्रजी वाचन. त्याला बाहेरचं माणूस हवं होतं, आणि लायब्ररीच्या फळ्यावर एक कार्ड मिळालं. तिरप्या, वळणदार अक्षरात लिहिलेलं: वाचन, लेखन, घरी येऊन. फोन नंबर नव्हता. कार्ड घेतलं की मी मंगळवारी येईन, एवढंच. तारखा तीनदा वाचणाऱ्या अस्मिताने ते एकदाच वाचलं आणि पर्समध्ये टाकलं. पत्ता आपण कुणालाच दिला नाही हे तिच्या फार उशिरा लक्षात आलं.

मंगळवारी धुकं होतं. हॅमिल्टनचं धुकं, समोरच्या घराची टपालपेटीसुद्धा दिसेना असं. त्यातून कार्डवाली बाई, मिस ट्रेंबाथ, आली. वाकलेली, हातात काठी, पांढरे केस जाळीत बांधलेले. ओल्या गवतावरून चालत आली तरी बूट कोरडे. अर्ध्या तासाने मकरंदने दुकानात फोन केला आणि काही न बोलता फोन नुसता दाराशी धरला. आतून ऋग्वेदा मोठ्याने वाचत होती. अस्मिता औषधांच्या कपाटामागे जाऊन रडली.

जाताना बाईने एक पत्र्याचा डबा ठेवला. निळा, झाकणावर शिडाचं जहाज. आत शहाजिऱ्याच्या वासाचा केक. आता, भरून आलेला डबा रिकामा परत करायचा नाही हे अस्मिताला कुणी शिकवलेलं नव्हतं. श्वास कसा घ्यायचा हे तरी कोण शिकवतं? केक संपला, डबा घासला, आणि पुढच्या मंगळवारी तिने त्यात पातळ पोह्यांचा चिवडा भरून दिला. तिच्या आईच्या पद्धतीचा, चिंचवडच्या.

दुसऱ्या दिवशी ताटलीत तोच चिवडा होता. एरवी दाणे वेचून खाणाऱ्या ऋग्वेदाने एक पोहा बोटांत फिरवला.

"व्हॉट इज धिस?"

रविवारी आजीचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा पोर ताठ बसून म्हणाली, हाउ डू यू डू. आजी खूश. नात बोलली, तीही मडमेसारखी! अस्मिताही हसली. बोलतेय ना? मग झालं.

डबा परत आला, जॅम लावलेले स्कोन पाव घेऊन. जाताना शंकरपाळ्या गेल्या. त्यांच्याबरोबर ऋग्वेदाच्या आठवणीतलं पोरिरुआ गेलं: तिथलं घर, खिडकीत येऊन बसणारा लंगडा सीगल पक्षी, सगळं. तिला त्या सीगलचं नावही सांगता येईना. मग बेसनाचे लाडू गेले, आणि मकरंदच्या मराठी विनोदांवर ती नुसती सभ्यपणे बघायला लागली. मात्र इंग्रजीत भरभरून बोलायची. नदीकाठच्या एका खोलीच्या शाळेबद्दल. दगडी पाटीबद्दल. पुरात होडी उलटली त्याबद्दल.

"टॉम वर आलाच नाही," असं ती इंग्रजीत सांगायची, टोस्टला लोणी लावत. टॉम कोण, असं मकरंदने विचारलं, तर माझा भाऊ, म्हणाली. ऋग्वेदा एकुलती एक.

मिस ट्रेंबाथची काठी तिसऱ्या आठवड्यात सुटली. पाचव्यात केसांची मुळं काळी दिसू लागली. डबा हातात घेताना ती झाकण उघडून वास घ्यायची आणि एकदा म्हणाली, की त्या पहिल्या वेळच्या चिवड्यातलं खोबरं जरा जळलेलं होतं, तेच तर छान. चिंचवडच्या स्वयंपाकघरात ओट्यावर बसून ऋग्वेदा आजीला हेच सांगायची. अगदी याच शब्दांत.

बुधवारी तलावावर अस्मिताने मेरेआनाला मिस ट्रेंबाथबद्दल सहज विचारल्यासारखं विचारलं. मेरेआनाची तीन मुलं घरीच शिकायची आणि गावातली घरी येणारी एकूण एक शिक्षिका तिला ठाऊक होती. ती धाकट्याचे टॉग्ज, पोहायचे कपडे, पिळत म्हणाली, हो, आमच्याकडेही आली होती ना, एकच मंगळवार. केक ठेवून गेली. मी डबा धुतला, पिशवीत घालून फाटकाला अडकवला, स्वीट अॅज, काही प्रश्नच नाही. परत काही फिरकली नाही.

"तू काय केलंस डब्याचं?"

"भरून दिला."

मेरेआनाचा हात थांबला. "दर वेळी? का?"

अस्मिता टॉवेलाची घडी घालत बसली. नऊ पानी अर्ज लिहिणं सोपं होतं.

घरी येऊन तिने सगळं नीट मांडून पाहिलं. डबा रिकामा दिला तर बाई येणार नाही. बाई आली नाही तर पोर पुन्हा गप्प होईल. सहा महिने तिने त्या आवाजासाठी जीव टाकला होता. तो आता घरात होता, फक्त तिच्या मुलीचा नव्हता. मन घट्ट होईना. मंगळवार उजाडला, फराळाचं काही उरलं नव्हतं, आणि हाताने आपणहून कणीक मळली. गरम पोळी कुस्करून, गूळतूप घालून तिने पोळीचा लाडू वळला. ऋग्वेदाला दात आल्यावर पहिला घास याच लाडवाचा होता, आणि तो गिळून ती आयुष्यात पहिल्यांदा आई म्हणाली होती.

लाडू डब्यात ठेवला तेव्हा ऋग्वेदा दारात उभी होती, हात मागे बांधून.

"इज दॅट द लास्ट वन, मदर?" तिने विचारलं. आवाज शांत, म्हातारा. "देन शी नीडन्ट कम अगेन. आय शॅल स्टे."

अस्मिताने लाडू बाहेर काढला. डबा घासला, पुसला, कोपऱ्यांतून फडकं फिरवलं. खरं सांगायचं तर निम्मी भीती वाटत होती, निम्मी लाज. बाई दाराशी आली, चाळिशीची, काळ्याभोर केसांची. तिने डबा घेतला आणि कानाशी हलवला. काही वाजलं नाही.

"नथिंग फॉर मी?"

"नाही," अस्मिता मराठीतच म्हणाली. "आज काही नाही."

बाई डबा दोन्ही हातांत फिरवत राहिली. हिरमुसलेल्या पाहुणीसारखी, आणि तेच सगळ्यात वाईट होतं. मग वळली. पायऱ्या उतरताना पाठ वाकली, टपालपेटीपाशी पोचेपर्यंत केस पांढरे झाले. फाटक उघडल्याचा आवाज आला नाही.

ऋग्वेदा त्या दुपारी गप्प झाली ती झालीच. अस्मिता रोज तिच्याशी बोलत राहिली, उत्तराची वाट न बघता. मकरंदने भागाकार संपवून अपूर्णांक सुरू केले. धुकं गेलं, वसंत आला; दक्षिण गोलार्धात तो दिवाळीच्या तोंडावर येतो.

महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळीला हॉलमध्ये संपदा भेटली. नवी आलेली, नवरा हॉस्पिटलात डॉक्टर, मुलगा यंदापासून घरी शिकतो. तिने अस्मिताच्या हातात फराळाचा डबा दिला. निळा, झाकणावर जहाज.

"डबा आमच्या टीचरचा आहे हं, नंतर द्या परत. पण काय बाई आहे सांगू! गोरी म्हातारी, आणि हा चिवडा केलाय तिने. मुलाला गोष्टी सांगते चिंचवडच्या आजीच्या. लंगड्या सीगलच्या. मी म्हटलं, तुम्हाला कसं ठाऊक हे सगळं?"

 झाकण लावायला अस्मिताचा हात पुढे झाला, पण त्याआधी ऋग्वेदाने चिमूटभर चिवडा तोंडात टाकला होता. ती चावत राहिली, एवढी हळू, की हॉलमधला गोंगाट दूर गेल्यासारखा वाटला.

"आई," ती म्हणाली, गंजलेल्या आवाजात. "आजीने खोबरं जाळलंय परत."

अस्मिताने तिथेच तिला तो सगळा चिवडा खाऊ घातला, कणाकणाने. संपदा बघत राहिली. मग अस्मिताने हॉलच्या मोरीत डबा घासून, पुसून, रिकामाच संपदाच्या हातात ठेवला.

"तूही असाच दे तिला. रिकामा. काही घालू नकोस, अगदी साखरेचा दाणासुद्धा नाही."

संपदाने ऐकलं की नाही कुणास ठाऊक. एवढं मात्र झालं, की वर्षाच्या सणाला भरून आलेला डबा रिकामा परत करणारी बाई म्हणून अस्मिताचं नाव मंडळात आजही निघतं. ती काही खुलासा करत नाही. आणि लायब्ररीत गेली की आधी फळा बघते.