दुकानातली धून

गेल्या दोन वर्षांत अंकुशने एकाही धुनेला दहापैकी आठच्या वर मार्क दिले नव्हते. तोच अंकुश आज मोटरसायकलच्या मागे स्पीकर बांधून अल्लीपूरहून हिंगणीला निघाला होता, आणि तिथे दामिनीने सकाळपासून अंगण दोनदा झाडून काढलं होतं.

व्हिडिओ गेममधलं संगीत वेड लागल्यासारखं ऐकणाऱ्या अकरा जणांचा त्यांचा ग्रुप होता. दर रविवारी एकाने एक धून टाकायची, गेमचं नाव सांगायचं नाही. बाकीच्यांनी ऐकून मार्क द्यायचे आणि मग सोमवार उजाडेपर्यंत त्या मार्कांवरून भांडायचं. सेलूला ऑनलाइन फॉर्म भरून देण्याच्या दुकानात दिवसभर बसणारी दामिनी त्या भांडणाची आठवडाभर वाट बघायची. इतक्या दिवसांत कोणी कोणाला समोरासमोर पाहिलं नव्हतं. त्यांच्यातले तिघं वर्धा जिल्ह्यातलेच असल्याने एकदा एकत्र बसून ऐकू, असं तिनेच सुचवलं होतं. आता मात्र समोरासमोर बोलायला काही सुचेल का, याची तिला धास्ती वाटत होती.

समीक्षा आधी आली. ती मूळची वडनेरची, वर्ध्याला नर्सिंग शिकत होती. फाटकातून आत येता येताच तिने मागच्या रविवारचं भांडण पुढे सुरू केलं, तेव्हा दामिनीला हायसं वाटलं. थोड्या वेळाने अंकुश पोचला. ग्रुपवर एवढा खडूस वाटणारा माणूस समोर आला तर उंच, लाजाळू आणि धुळीने माखलेला निघाला. त्याने आधी स्पीकर उतरवून फडक्याने पुसला, मग स्वतःचं तोंड धुतलं.

दामिनीची आई रामबाई अंगणाच्या कडेला पडवीत मोहफुलं निवडत बसली होती. पाहुण्यांना पाणी देऊन ती परत आपल्या सुपाकडे वळली. आईला यातलं काही कळत नाही, या संगीताला ती टुंगटुंग म्हणते, असं दामिनीने दोघांना हळूच सांगून टाकलं.

पहिली धून समीक्षाची होती, पावसात भिजलेल्या एका गावाची. थेंबासारखे सुटे सुटे सूर, खाली एक लांब हुंकार. दामिनीने नऊ दिले, अंकुशने सात. दुसरी अंकुशची, शेवटच्या राक्षसाशी होणाऱ्या लढाईची. तीत ढोल होते, शंभरेक माणसांचा कोरस होता, आणि स्पीकर असा दणाणला की शेजारच्या कोंबड्या कुंपणापलीकडे पळाल्या. समीक्षाने डोळे मिटून दहा दिले. तिघंही एकाच वेळी बोलत होते, एकमेकांचं वाक्य तोडत होते. आपल्या अंगणात एवढ्या मोठ्याने या विषयावर कोणी बोलेल, असं दामिनीला कधी वाटलं नव्हतं.

मग तिची पाळी आली. तिची धून जेमतेम चाळीस सेकंदांची होती. कोणाच्या ओळखीचा नसलेला एक छोटा गेम, त्यातला खेळाडू वस्तू घ्यायला एका दुकानात शिरला की ही धून वाजायची आणि तो बाहेर पडेपर्यंत फिरून फिरून वाजत राहायची. लढाईच्या कोरसनंतर ती लावायची म्हणजे वरातीमागून सायकलची घंटी वाजवल्यासारखं होतं. तिने मन घट्ट करून बटण दाबलं.

धून निम्म्यावर आली आणि पडवीतून आवाज आला. रामबाई गुणगुणत होती. धुनेच्या मागोमाग नव्हे, तर एक पाऊल पुढे. सूर जिथे वळायचा होता तिथे ती आधीच वळून थांबली होती. आणि नुसतं गुणगुणणं नव्हतं ते, त्यात गोंडी शब्द होते.

अंकुशने हात वर करून दोघींना गप्प केलं आणि स्पीकरचा आवाज हळूच बारीक केला. रामबाईच्या ते ध्यानातही आलं नाही. हात सुपात चालू, मान खाली. चाळीस सेकंद संपून धून पुन्हा सुरू झाली, तशी तिने दुसरं कडवं धरलं, आणि शेवटी मूळ धुनेत नसलेली एक लहानशी मुरकी घेऊन थांबली.

वर पाहिलं तर तिघं तिच्याकडेच बघत होते.

"काऊन थांबले? वाजवा ना," ती म्हणाली.

दामिनीने विचारलं की हे शब्द कुठले. रामबाईला त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नाही. पोरगी फोनवर खेळत असायची, भिंतीपलीकडून हेच ऐकू यायचं, जंगलात तेंदूपत्ता तोडताना तोंडात बसलं, मग शब्द जोडले. एक बाई बाजाराला जाते, सगळ्या दुकानांपुढे थांबते, बांगड्या पाहते, लुगडी पाहते आणि रिकाम्या हाताने हसत घरी येते. एवढंच.

 दामिनीने आईला गेम कधी दाखवला नव्हता.

"माय, हे दुकानातलंच गानं हाय. तुले कोनं सांगतलं?"

"कोन सांगंल? ऐकलं का समजते. हे चालनाऱ्या मानसाचं नाई, थांबून पाहनाऱ्याचं हाय."

समीक्षा चटकन उठून पडवीत रामबाईजवळ जाऊन बसली. अंकुशने काकूंना पुन्हा गाण्याची विनंती केली आणि फोन सुपाशेजारी ठेवून ते रेकॉर्ड केलं. मग समीक्षाचं आणि त्याचं जोरात जुंपलं. गेमबाहेरचा आवाज नियमात बसतो का, मार्क धुनेला द्यायचे की गाण्याला? शेवटी ग्रुपवर दोन्ही टाकायचं ठरलं. तोवर रामबाईने स्वतःच बाकीच्या धुना परत लावायला सांगितल्या. पावसाच्या गावाला तिने आठ दिले. लढाईला तीन.

"या गान्यात लय भांडून राह्यले," ती म्हणाली. "पन कायच्यासाठी, ते सांगत नाई."

आपल्या लाडक्या धुनेला तीन मिळाल्यावर अंकुशने स्पीकर जवळ ओढला. मग त्याने ती पुन्हा लावली, मान तिरकी करून शेवटपर्यंत ऐकली आणि कबूल केलं की मधला भाग उगाच लांबलाय.

ऊन उतरलं तसं अंकुशने धून आणि गाणं ग्रुपवर टाकलं आणि दोघं निघाले. दामिनी भांडी आवरत होती तोच फोन थरथरायला लागला. ग्रुपवर एकामागून एक मार्क येत होते. दहा, नऊ, परत दहा. कोणी तिसरं कडवं मागत होतं, कोणी शब्दांचा अर्थ. ती ओल्या हातानेच पडवीत धावली आणि आईला एकेक वाचून दाखवू लागली.

रामबाईने सगळं ऐकून घेतलं. "सगळ्याईत कमी कोनं देल्ले?"

"अंकुशनं. साडेआठ. पन माय, त्याचे साडेआठ म्हंजे..." दामिनीला हसू आवरेना. "त्यानं आजवर कोनालेच एवढे देल्ले नाई."

रामबाईने सूप बाजूला ठेवलं आणि जरा विचार केला.

"बराबर देल्ले त्यानं. दुसऱ्या कडव्यात माहा श्वास तुटला होता," ती म्हणाली, आणि गळा साफ करून तिने ते कडवं पहिल्यापासून धरलं.