एकशेतीस घरांची उडी

माझा स्वभावच संशयी. घासात खडा लागला तरी वाटतं, कोणी मुद्दाम टाकला असेल. म्हणून १९८७च्या स्नेहसंमेलनात यंत्र फसलं तेव्हा मी आधी कचरूकडे पाहिलं.

मेहकरच्या आमच्या तंत्रविद्यालयात मी शिक्षक. कचरू प्रयोगशाळेत नऊ वर्षं हंगामी परिचर. त्याच्या कायम नेमणुकीचा कागद त्याच महिन्यात प्राचार्यांच्या टेबलावर आला होता.

लाल दिव्यांच्या पट्टीवर इंग्रजी अक्षरांत आधी 'वेलकम' आणि मग पाहुण्यांची नावं सरकतील, असा प्रोग्राम मी प्रयोगशाळेतल्या छोट्या संगणक-यंत्रासाठी लिहिला होता. नावांचं एकेक अक्षर मेमरीत एकेक घर अडवतं. ती घरं ओलांडून पुढच्या कामावर जायला यंत्राला उडीचा आकडा द्यावा लागतो. मोठ्या शहरांत असेम्बलर नावाचा प्रोग्राम तो आकडा काढतो आणि उडी आवाक्याबाहेर गेली की तिथेच अडवतो. आमच्याकडे कागद, पेन्सिल आणि मी. वीज गेली की मेमरी पुसली जायची, म्हणून कचरू माझ्या वहीत पाहून सगळे आकडे यंत्राच्या बटणांवर पुन्हा दाबायचा.

आदल्या दिवशी प्राचार्य भाऊराव धावत आले. "उपाध्यक्ष उकंडरावांचं नाव राह्यलं ना हो! ते रुसून बसतीन."

मी वहीत नाव घातलं, उडीचा आकडा वाढवला. वीज नव्हती, चालवून पाहता आलं नाही.

कार्यक्रमात पट्टीवर नुसतं 'वेलकम, वेलकम' फिरत राहिलं. एकही नाव आलं नाही. संस्थेचे अध्यक्ष महादेवराव हसले, उकंडराव उठून गेले.

मी कचरूला कोपऱ्यात घेतलं. "खरं सांग बे, काय दाबलं?"

"वहीत होतं तेच, सर."

मी मेमरीतला प्रत्येक आकडा वहीशी ताडून पाहिला. सगळे जुळले. संशय जायच्या ऐवजी वाढला. यानं मागाहून गुपचूप दुरुस्त केलं असणार! माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या माणसाला मी 'बे' म्हटलं होतं, त्याचंही काही वाटलं नाही. तासाभरात तक्रार लिहून भाऊरावांकडे दिली.

दुसऱ्या दिवशी कचरू वही घेऊन आला. "सर, रागावू नका. नावाइवरची उडी म्या मोजली. पैले एकशेसतरा घरं होती. श्री अन् मधली खाली जागा धरून उकंडरावांची इंग्रजीतली तेरा घरं मधात आली. एकशेतीस झाली."

"मग?"

"तुमीच पोरायले शिकवता ना, एकशेसत्तावीसच्या पुढचा आकडा देला का मशीन त्याले उलटा समजते, मांगं उडते. म्हणून पुन्हा पुन्हा 'वेलकम'वरच गेली. तो तास चालू होता तवा मी तिथंच साफसफाई करून राह्यलो होतो."

मी वही ओढून घेतली. एकशेतीसचा आकडा माझ्याच अक्षरात होता. लाज वाटली. आणि खरं सांगतो, लाजेपेक्षा कचरूचा राग जास्त आला.

तरी मी त्याला घेऊन भाऊरावांकडे गेलो. "तक्रार परत द्या, सर. चूक कचरूची नाही."

"मंग कोनाची? उकंडराव इचारून राह्यले. त्याइले कोनाचं तरी नाव सांगा लागन. नाईतर हा तक्रारीचा कागद फायलीत राह्यते, अन् याची नेमणूक बी थांबते."

कचरू दारात उभा होता. "सांगा ना, सर," तो हळूच म्हणाला.

माझं नाव ओठांवर आलं होतं. मी म्हणालो, "चौकशी होऊ द्या."