ज्या टेबलावर नगराध्यक्ष बसतात

मित्रांनो, मी एक जुने टेबल आहे. वाईरोटो नगरपरिषदेच्या सभागृहातले, घोड्याच्या नालाच्या आकाराचे. नगरसेवक माझ्याभोवती बसतात. नगराध्यक्ष माझ्यावर बसतात.

आयुष्य सभांमध्ये गेल्यामुळे मला सरळ गोष्ट सांगता येत नाही. विषयपत्रिकेप्रमाणे सांगतो. कंटाळा आला तर माना डोलवा. इथे तसेच करतात.

मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे

मी रिमूचे झाड होतो. खाडीवरच्या टेकडीवर, न्गाती हौमारा या माओरी कुळाच्या जमिनीत. मग ती जमीन त्यांची राहिली नाही. कशी राहिली नाही, ते इतिवृत्तात नाही. करवत आली. सुतार आला. सुतार चांगला होता, त्याने माझ्या सांध्यांत एकही खिळा मारला नाही. पहिल्या सभेला सगळ्यांनी माझ्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, काय लाकूड आहे! टेकडीवरचे लोक तेव्हा दाराबाहेर उभे होते.

इतिवृत्त कायम.

कामाची वर्षे

मला मेण लावायचे. शाळेची मुले रांगेने बघायला यायची. "हात लावू नका रे, ऐतिहासिक आहे," असे मास्तर ओरडायचे. खाली वाकून मात्र कुणी पाहिले नाही. खाली पिढ्यान्‌पिढ्यांच्या नगरसेवकांनी चिकटवलेले च्युइंगम आहे. मी माणसे गुडघ्यांवरून ओळखतो. वर चेहरा गंभीर करून जनतेच्या पैशाबद्दल बोलणारा माणूस खाली बूट काढून पोटरी खाजवत असतो. तुम्हाला चेहरा दिसतो. मला दुसरे दिसते.

मग परिषदेला माओरींविषयी आदर वाटू लागला. तेव्हा यंत्राने कापलेली वळणदार नक्षीची प्लायवूडची पट्टी आणून माझ्या दर्शनी बाजूला डिंकाने चिकटवली. सभेआधी माओरी प्रार्थना होऊ लागली, कागदात बघून. आदर इथपर्यंत आला आणि थांबला. पुढे मताचा हक्क लागतो.

खुर्ची

शेवटी मताची खुर्चीही मिळाली. माओरींसाठी राखीव मतदारसंघ झाला आणि हारिआता निवडून आली. खाडीकाठची, न्गाती हौमारा कुळातली, शाळेची बस चालवणारी. ती माझ्या डाव्या टोकाला बसायची. तिचे पाय जमिनीवर सपाट असायचे.

नगराध्यक्ष डग्लस फेनविक शेजाऱ्याच्या कानात कुजबुजले, "आता बघा, दर विषयाला पूर्वज येणार."

तिने पहिल्या सभेत पंपांच्या देखभालीबद्दल विचारले.

पुढे गावाने कौल घेतला. आपण सगळे सारखेच, मग वेगळी खुर्ची कशाला? सारख्या लोकांची संख्या जास्त होती. खुर्ची ऑक्टोबरच्या निवडणुकीला जाणार, असे ठरले.

त्याआधी एक विषय आला.

सांडपाण्याची नळी

टेकडीवर नवी वसाहत होत होती. तिचे सांडपाणी खाडीत सोडायचे. नळी आखूड, खर्च कमी. खाडीत पिपी नावाच्या शिंपल्या होतात. कुळात मयत झाले की त्यांच्या मराएवर, म्हणजे कुळाच्या सभाघरात, लांबलांबून माणसे येतात. त्यांना स्वतःच्या पाण्यातले वाढायचे, यातच यजमानांची अब्रू. दुकानातले वाढणे म्हणजे आम्ही आता कुणी नाही असे सांगणे.

त्या दिवशी कोरो एरुएरा बोलायला आला. कोरो म्हणजे आजोबा, सगळे त्याला तेच म्हणत. तो हारिआताचा चुलता. लोकांना बोलायला ठेवलेल्या वेळात तो उभा राहिला आणि त्याने आधी डोंगराला नमस्कार केला, खाडीला केला, मग गेलेल्यांना. फेनविक घड्याळ बघत होते. कोरो शिंपल्यांपर्यंत पोचला आणि वेळ संपली.

"फारच हृदयस्पर्शी," फेनविक म्हणाले. "चहा घेऊ या."

चहापान (विषयपत्रिकेवर नव्हते, पण गावाचा निर्णय इथेच होतो)

लोर्ना बर्टल्स या वयस्कर नगरसेविकेने घरून स्कोन, म्हणजे छोटे गोडसर पाव, करून आणले होते. गरम, मनुका घातलेले. ताट माझ्यावर ठेवले. फेनविक आले आणि ताटाशेजारी माझ्यावर बूड टेकून बसले. पाय हलवत, कप हातात. लोकांत मिसळणारा माणूस असे बसतो, अशी त्यांची समजूत.

सभागृहातल्या माओरी माणसांचे हात थबकले. त्यांच्या घरात खाण्याच्या जागी बूड टेकवत नाहीत. बोलताही न येणारे पोर टेबलावर चढले तर आजी त्याला उचलून खाली ठेवते. फेनविकांच्या भिंतीवर माओरी रीतिरिवाज शिकल्याचे प्रमाणपत्र आहे.

"कोरो, एक तरी घ्या ना," लोर्ना म्हणाली. "खास आणलेत."

"नको बाई."

"गोड चालत नाही का?"

"सगळं चालतं. साहेबांच्या बुडाशेजारचं चालत नाही."

हारिआता चहा पिता पिता खोकली. "कोरो!"

"काय कोरो? मी काय खोटं बोललो? माणूस खायच्या जागी बसतो, तो खायच्या पाण्यात घाण सोडणारच. त्याचं सगळं एका ओळीत आहे, पोरी."

लोर्नाने ताटाकडे पाहिले. मग फेनविकांच्या विजारीकडे, जी ताटापासून वीतभर अंतरावर होती.

"डग्लस, ऊठ."

"काय लोर्ना, गंमत करतेस?"

"पहाटेपासून राबलेय मी या स्कोनांपायी. ऊठ म्हटलं ना!"

ते उठले, हसत. मग ती सरळ म्हणाली, "आणि त्या नळीला माझं मत धरू नकोस."

मित्रांनो, न्यायाची बाजू कुणाला कशाने पटेल सांगता येत नाही. कुळाने दोनशे वर्षे समजावले ते नाही. स्कोन.

हितसंबंध जाहीर करणे

फेनविकांना बेरीज येते. आता मते बरोबरीत होती आणि बरोबरी झाली की ठराव पडतो, असा आमचा नियम. एक माणूस उठवला की काम झाले.

"हारिआता," ते मऊ आवाजात म्हणाले, "गैरसमज करून घेऊ नका. पण तुमच्या कुळाचा खाडीशी संबंध आहे. या विषयापुरतं तुम्ही बाहेर बसलात तर बरं दिसेल."

"कुणाला?"

"परिषदेला."

"तुमचे त्या वसाहतीत प्लॉट आहेत ना, डग्लस?"

"ते वेगळं. तो विकास आहे."

"बरं. गावात ज्याच्या ज्याच्या घरी संडास आहे, त्याचा या नळीशी संबंध आहे. उठा सगळे. मीही उठते. कोण बसतं बघू."

माझ्याखालचे सगळे पाय एकदम आत ओढले गेले. कुणी उठले नाही. तीही उठली नाही. फेनविक म्हणाले, न्यायालयात प्रश्न येईल. ती म्हणाली, येऊ दे, तिथे खुर्ची मिळते का बघते.

हात वर झाले. बरोबरी. ठराव पडला. मागे कोरोचे लोक उभे राहिले आणि त्यांनी गाणे म्हटले. त्यांच्यात भाषण गाण्याशिवाय पुरे होत नाही, आणि कोरोचे आता कुठे पुरे होत होते. गाणे चालू असताना फेनविक शेजाऱ्याला म्हणाले, "हरकत नाही. ऑक्टोबरनंतर पुन्हा आणू."

आयत्या वेळचे विषय

आणला. माझ्या डाव्या टोकाला तेव्हा रबराच्या झाडाची कुंडी होती. तिने विरोध केला नाही. लोर्नाने केला, एकटीने; मागच्या वेळचे तिचे सोबती निवडणुकीत पडले होते.

नळी सुरू झाली आणि पुढच्या हिवाळ्यात खाडीकाठी फलक लागला: शिंपल्या काढू नयेत. त्याच हिवाळ्यात कोरो एरुएरा गेला.

फेनविक मयताला गेले होते. असल्या ठिकाणी ते आवर्जून जातात. दुसऱ्या आठवड्यात हारिआता सभेला आली, लोकांच्या वेळात बोलायला, आता दाराजवळच्या बाकावरून. फेनविक तिला लांबूनच म्हणाले, "हारिआता, तुमच्या लोकांनी काय पाहुणचार केला! आणि त्या शिंपल्या! तुमच्या खाडीची चवच न्यारी."

त्या दुकानातल्या गोठवलेल्या होत्या. पिपीसुद्धा नव्हत्या. बाकावरच्या तिच्या बहिणीने तोंड उघडले, हारिआताने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"पोटभर खाल्लंत ना?" ती म्हणाली.

"दोनदा घेतल्या!"

"मग झालं."

मित्रांनो, ती यजमान होती, पाहुण्याची लाज राखणे तिला भाग होते. मी लाकूड आहे, मला तसले बंधन नाही. आमच्यासारख्या वस्तूंनी शेवटी सांगायचे असते की आमची निगा राखा. माझी कसली निगा? मला नीट पुसूनपुसूनच या मंडळींनी माझ्यावर एवढे सगळे केले. तुम्ही मोठे व्हाल, कुठल्यातरी टेबलाशी बसाल, तुमच्यासमोर कागद येतील. ज्याच्या ताटात तुमची घाण जाणार आहे, त्याला आधी खुर्ची द्या. मग टेबल नसले तरी चालेल.