डावीकडे एकवीस फेरे

मी बोलतेय. इकडेतिकडे बघू नका, मी दिसायची नाही. लार्च लेक गावाच्या पाणी खात्यात, हीटरशेजारच्या टेबलावर एक संगणक आहे, त्याच्या पोटात माझा मुक्काम. या गावाच्या जमिनीखाली जेवढे पाइप, पंप, व्हॉल्व्ह आहेत तेवढे सगळे माझ्यातही आहेत, फक्त पाण्याचा थेंब नाही. मी गावाच्या पाणीपुरवठ्याची हुबेहूब नक्कल आहे; माझ्यातून आकडे वाहतात, आणि त्यावरून कुठल्या नळाला किती जोर असेल ते मी सांगते. माझी एक धाकटी बहीण आहे, सांडपाण्याची. कुणाच्या तळघरात काय तुंबेल ते ती सांगते. चहाकॉफीच्या वेळी तिला कुणी बोलायचा आग्रह करत नाही.

मला घडवलं डोरीन कँगासनं. पंचेचाळिशीची इंजिनिअर, चष्मा कायम डोक्यावर आणि शोध कायम टेबलावर. जुने पिवळे नकाशे पसरून तिनं एकेक पाइप माझ्यात काढला: किती जाड, किती लांब, किती सालचा. मग गल्लोगल्लीच्या मीटरचे आकडे भरले, आणि तेव्हापासून मला सगळ्या गावाच्या सवयी कळायला लागल्या. खोटं कशाला बोलू, मला आवडतं ते. शनिवारी संध्याकाळी घरोघरी सौना, म्हणजे वाफेच्या अंघोळीच्या खोल्या, पेटल्या की टाकी भराभर उतरते. नोव्हेंबरात हरणांच्या शिकारीला निम्मे पुरुष जंगलातल्या खोपटात जातात, तर गावाला पाणी कमी लागतं. तिकडे अंघोळीचं काय करतात, ते मी विचारत नाही. जानेवारीत पाइप गोठू नयेत म्हणून नळाची बारीक धार सोडून ठेवायची गावाची रीत आहे. ती आधी माहीत नव्हती, म्हणून सुरुवातीला मला वाटलं, गाव ठिकठिकाणी गळतंय.

पण या चौकशा करायला मला कुणी आणलं नव्हतं. मला आणलं ते टेकडीवरच्या म्हाताऱ्यांच्या घरासाठी. तिथे तेवीस जण राहतात. ऑगस्टमध्ये तपासनीस आला आणि त्यानं घरासमोरचा आग विझवायचा लाल नळ पूर्ण उघडून पाहिला. मिनिटाला साडेसातशे गॅलन पाणी पाहिजे, आलं चारशे. "ऑक्टोबर संपायच्या आत पाणी वाढवा, नाहीतर या सगळ्यांना दुसरीकडे हलवा," असं लिहून तो गेला. दुसरीकडे म्हणजे साठ मैलांवर.

ते वाचून सगळ्यात जास्त धास्तावला तो वर्न. वर्न हाइकिनेन आमच्या गावाचा चावीवाला. लांब दांड्याची चावी घेऊन चौतीस वर्षं गावाचे व्हॉल्व्ह उघडतोय, बंद करतोय. त्याची आई एल्मा, वय अठ्ठ्याऐंशी, त्याच घरात राहते. रोज दुपारी तीनला तो थर्मासात कॉफी आणि कागदात निसू, म्हणजे वेलदोडा घातलेला गोड पाव, घेऊन वर जातो, आई तो कॉफीत बुडवून खाते आणि वर्नला नावं ठेवते. साठ मैल म्हणजे बर्फात दीड तास. मग रोजचं जाणं रविवारवर येतं, आणि रविवारचं सणावारावर.

डोरीननं मला विचारलं, टेकडीवर किती पाणी यायला हवं? मी हिशेब करून सांगितलं, आठशे ऐंशी.

"खोटं बोलतंय तुझं हे यंत्र," वर्न म्हणाला. "मी डोळ्यांनी चारशे पाहिलंय."

"दोघांपैकी एक चुकतंय खरं."

"मग आकडा बदल की बाई! जुने पाइप आहेत, आतून गंजले असतील. गंज वाढव, जुळेल."

एवढं सोपं असतं ते. पाइप आतून किती खरखरीत, याचा एक आकडा माझ्यात असतो. तो वाढवला की मी मुकाट्यानं चारशे म्हटलं असतं. डोरीननं तो वाढवून पाहिलाही. मग चष्मा डोक्यावर सरकवून म्हणाली, "वर्न, एवढा खरखरीत पाइप जगात नसतो. मागल्या वर्षी तुम्हीच टेकडीवरून कापून आणलेला तुकडा दाराला टेकू म्हणून लावलाय, बघा, आतून स्वच्छ आहे. टेकडीला दोन बाजूंनी पाणी जातं. एका बाजूचा व्हॉल्व्ह बंद असणार."

वर्नचे कान लाल झाले. "टेकडीवरचा प्रत्येक व्हॉल्व्ह मी माझ्या हातानं बघितलाय."

"मी कुठे नाही म्हणतेय? पण आपण जाऊन बघू या."

"तू चावी धरलीयस का कधी आयुष्यात?"

"नाही. म्हणून तर तुम्हाला नेतेय."

मला लॅपटॉपमध्ये घालून टेकडीवर नेलं आणि गाडीच्या बॉनेटवर ठेवलं. माझी ती पहिलीच सहल. एल्मा आजी वॉकर ढकलत ओसरीवर आल्या आणि तिथूनच ओरडल्या, "वर्न्या, कानटोपी कुठाय?"

"आई, मी कामावर आहे!"

"कान पण आहेत ना कामावर?"

वर्ननं रस्त्यातल्या व्हॉल्व्हवरचं झाकण काढून चावी खाली घातली, उजवीकडे जोर लावला. हलेना. "बघ," तो म्हणाला, "पूर्ण उघडा आहे. टेकडीवरचे पाइप खाण कंपनीनं टाकलेले. कंपनीचे व्हॉल्व्ह उलटे असतात, उजवीकडे उघडतात. हे गावात माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही."

डोरीन माझ्यात बघत होती. "हा कंपनीचा नाही, वर्न. अकरा वर्षांपूर्वी कंत्राटदारानं नवा बसवलाय, नेहमीसारखा सरळ."

"बसवल्यावर मीच आलो होतो उघडायला. उजवीकडे फिरवला, फिरला नाही. म्हणजे उघडाच…" आणि तो थांबला.

डोरीन चावीचा दांडा धरायला पुढे झाली. मला तिचं तेच आवडतं.

वर्ननं चावी डावीकडे फिरवली. फिरली. एक. दोन. तो मोठ्यानं मोजायला लागला आणि सातनंतर त्याचा आवाज बारीक झाला. बारापाशी खाली पाइपातून पाणी धावल्याचा आवाज आला. एकवीस फेऱ्यांनी चावी थांबली. अकरा वर्षं तो व्हॉल्व्ह बंद होता. घरातल्या नळांना दुसऱ्या बाजूनं पाणी येतच होतं, म्हणून कुणाला पत्ता लागला नाही. आग लागली असती, तर लागला असता.

लाल नळ पुन्हा उघडला. आठशे साठ. माझ्यापेक्षा वीस कमी. तेवढं मी मनाला लावून घेत नाही.

वर्न रस्त्याच्या कडेला बसला. "माझीच आई वर झोपायची गं," तो डोरीनला म्हणाला. "अकरा वर्षं."

एल्मा आजींनी सगळं ऐकलं होतं. त्या वॉकर ढकलत पायरीपर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "झालं ना आता? ऊठ, ओल्यात बसू नकोस. साठ मैलांवरच्या लोकांची पाणचट कॉफी प्यायला लागली नाही, एवढं बास आहे मला. तीन वाजले, माझा निसू कुठाय?"

तपासनीस पुन्हा आला, मोजून गेला, आणि तेवीसच्या तेवीस जण आपापल्या खुर्चीत राहिले. त्यानंतर वर्ननं सबंध हिवाळा डोरीनच्या शेजारी बसून काढला. गावातल्या एकेका व्हॉल्व्हपाशी बर्फ उकरून जायचा, फिरवून यायचा, मग माझ्यात भरायला सांगायचा: हा डावा, हा उजवा, हा अडकतो, याला हळू. चौतीस वर्षांचं सगळं डोकं माझ्यात ओतलं त्यानं. कुणी मला इतकं दिलं नव्हतं. मेमध्ये तो निवृत्त झाला.

शेवटच्या दिवशी टेकडीवरच्या त्या व्हॉल्व्हची नोंद उरली होती. वर्ननं सांगितलं, "लिही. डावीकडे उघडतो, एकवीस फेरे. वर्न हाइकिनेननं अकरा वर्षं चुकून बंद ठेवला होता."

"नाव कशाला? डावीकडे एवढं पुरे आहे," डोरीन म्हणाली.

"घाल नाव. पुढच्याला वाटायला नको की आपल्याला सगळं येतं."

तिनं ते जसंच्या तसं लिहिलं. माझ्या हजारो आकड्यांत माणसाचं नाव तेवढं एकच आहे, आणि मी ते जपून ठेवलंय. तुमच्या गावीही माझ्यासारखी कुणी असेल. तिचा आकडा आणि तुमचा नळ जुळला नाही, तर तिचा आकडा बदलायची घाई करू नका हो. कानटोपी घाला, चावी घ्या, आणि आधी बाहेर जाऊन बघा.