तीनपाच

शीतखोलीच्या दाराला बाहेरून कडी गुणवंतीनेच घातली होती. रबर झिजल्यामुळे ते दार कडीशिवाय बसत नसे. आत तिची सख्खी काकी, हिरा, बांगडा मासळीच्या पेट्या रचत होती.

"चारला गॅस सुटणार. त्याआधी येते उघडायला."

"आठवणीने ये गो. नाहीतर बांगड्यांबरोबर माझाही प्रयोग व्हायचा!"

कार्बन डायऑक्साइडमध्ये ठेवलेली मासळी किती टिकते, हे बंदराजवळच्या त्या लहानशा प्रयोगशाळेत तपासत होते. गॅसचा व्हॉल्व्ह उघडणं, तापमान टिपणं, ही सगळी कामं टीव्हीला जोडलेला कॉम्प्युटर ठरल्या वेळी करी. त्याचा प्रोग्राम गुणवंतीने लिहिला होता. लाइट गेली की कॉम्प्युटर वेळ विसरे, आणि आली की पडद्यावर वेळ विचारी. आज दुपारी तसंच झालं होतं. ती शीतखोलीपाशी असल्यामुळे भांडारातल्या दत्तारामने वेळ घातली होती.

ती कॉम्प्युटरच्या खोलीत आली. पडद्यावर आकडा होता ३.९८. तिने मनगटावर पाहिलं. तीन चौतीस.

"दत्तूदादा, वेळ किती घातलीत?"

"लाइट आली तेव्हा तीन वाजून पाच झाले होते. तीन पॉइंट पाच घातले. मशीनने जराही तीनपाच केली नाही, गपचूप घेतले!" दत्ताराम हसला.

गुणवंतीचा प्रोग्राम दशांशात चाले. तिच्या लेखी तीन पॉइंट पाच म्हणजे साडेतीन. हिशेबाला सोपं, म्हणून तिने तसं ठरवलं होतं. पण कुणाला सांगायचं राहिलं होतं. म्हणजे घड्याळ पंचवीस मिनिटं पुढे. म्हणजे चार वाजणार तीन पस्तीसला. तिने सवयीने हिशेब पुन्हा एकदा करून पाहिला. तो बरोबर होता, आणि तेवढ्यात ते मिनिट संपलं.

प्रोग्राम थांबवायला तिने एस्केपचं बटण दाबलं. काहीच झालं नाही. कुणी उगाच बोटं लावू नयेत म्हणून ते तिनेच बंद करून ठेवलं होतं.

भिंतीपलीकडे टक् असा आवाज झाला.

तिने प्लग उपटला. पडदा काळा झाला, पण व्हॉल्व्ह मिटल्याचा आवाज आला नाही. येणारही नव्हता. वरचेवर लाइट जाते, प्रयोग बिघडू नये, म्हणून वीज गेली तरी आहे तसाच राहणारा व्हॉल्व्ह तिने हट्टाने मागवला होता.

"दादा, मागे जाऊन सिलिंडर बंद करा! काकी आत आहे!"

ती धावत दारापाशी पोचली. आतून धक्के बसत होते. कडी ओढली, तर हलेना. काकी आतून दार रेटत होती आणि त्या रेट्याने कडी कोयंड्यात घट्ट आवळली जात होती.

"काकी, ढकलू नको! मागे हो!"

जाड दार, त्यात आतल्या पंख्याची घरघर. तिला काय ऐकू जाणार? गुणवंतीने दाराला खांदा लावला, दोन्ही हातांनी कडी ओढली. बोटं सोलली.

मग आतलं रेटणं थांबलं.

कडी अलगद सरकली.

तेवढी भीती गुणवंतीला आयुष्यात कधी वाटली नव्हती. तिने दार ओढलं, तशी दाराला टेकून बसलेली काकी तिच्या पायांवर कलंडली. तोंड राखेसारखं झालेलं. गुणवंतीने श्वास रोखून तिला बगलेत धरलं आणि फरफटत अंगणात आणलं. हाका मारल्या, गालावर चापट्या मारल्या. बऱ्याच वेळाने काकीला मोठा ठसका आला.

"नाकात गोटीसोडा गेल्यासारखं झालं गो..." ती पुटपुटली. "आणि मग पायच गेले."

दत्ताराम सिलिंडर बंद करून त्याची चावी घेऊन उभा होता. त्याचा चेहरा उतरला होता. "लाइट आहे. मशीन परत लावू? पण आता टाइम कसा घालायचा, तूच सांग बाय."

गुणवंतीने त्याच्या हातातून चावी घेतली, सुतळीत ओवली आणि काकीच्या गळ्यात घालू लागली.

"हे काय?"

"यापुढे जो आत जाईल, त्याच्याच गळ्यात ही. हिच्याशिवाय सिलिंडर उघडत नाही."

"मंगळसूत्राशेजारी?" काकी क्षीण हसली.

सुतळीची गाठ मात्र गुणवंतीला बांधता येईना. सोललेल्या बोटांनी ती आवळली जाईना. शेवटी ती काकीनेच बांधून घेतली.